बिनकळसाचं घर

नंदुरबारकडचं कळसाडी हे माझं आजोळ. पहाटे मामांच्या गच्चीवर उभं राहिलं की उत्तरेला सातपुडा दिसतो. आधी काळा, मग जांभळा, आणि ऊन वर आलं की धुरकट निळा. "त्याच्या पल्याड नर्मदा," असं मामी मला लहानपणापासून सांगत आली आहे. आमची रोजची नदी तापी. नर्मदा म्हणजे भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातली बाई. दिसत नाही, पण आहे हे ठाऊक असतं.

या पौषात मी त्या नर्मदेकडे निघाले होते. डोंगर ओलांडून नव्हे, तर रेल्वेनं मोठा वळसा घालून तिच्या वरच्या अंगाला, होशंगाबादेला. आता त्या शहराचं नाव नर्मदापुरम. त्या मुलखात दीडशे वर्षांपूर्वी क्वेकर आले. ते स्वतःला 'फ्रेंड्स' म्हणजे मित्र म्हणवतात. खेड्यातलं त्यांचं सभेचं घर कसं उभं राहिलं, ते मला जाणून घ्यायचं होतं.

मामांना हे समजावताना रात्रीचं जेवण निवून गेलं. मी सांगितलं, "ख्रिस्तीच, पण पाद्री नाही. वेदी नाही, मूर्ती नाही, क्रूससुद्धा नाही. रविवारी एकत्र येतात आणि गप्प बसतात. कुणाला आतून बोलावंसं वाटलं तर तो उभा राहून चार शब्द बोलतो. बाई असो, बुवा असो, शेतमजूर असो."

"आणि घरावर कळस?"

"तोही नाही."

मामांनी दादरच्या भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "मग देवाचं घर आहे हे ओळखायचं कसं?"

मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न घेऊनच मी निघाले.

निघायच्या आदल्या दिवशी सोमवार होता. संध्याकाळी मामांच्या सालदारांबरोबर मी वस्तीवरच्या आरतीला गेले. तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३८ च्या सुमारास भिल्ल समाजाला एक साधा धर्म सांगितला. दारू सोडा, आंघोळ करा, खोटं बोलू नका, आणि एकमेकांना 'आप' म्हणा. सोमवारच्या आरतीला हजारो माणसं मोरवडला जमू लागली. महाराज फार जगले नाहीत. पुढे त्यांचे भाऊ रामदास महाराजांनी ते काम चालवलं. 'आप की जय' हा शब्द आजही या भागात ऐकू येतो.

त्या संध्याकाळी मी पाहिलेली गोष्ट एवढीच. पाच-सहा वर्षांची एक मुलगी धावत आली आणि दाराशी घुटमळली. एका म्हाताऱ्या बाबांनी सरकून जागा केली आणि म्हणाले, "आप इथं बसा." मुलगी अगदी सहज बसली. तिच्यासाठी त्यात काही नवल नव्हतं. मला मात्र आठवलं की ज्या सालदारांबरोबर मी आले होते, त्यांचं भारदस्त तीन अक्षरी नाव आमच्या वाड्यात कुणी पूर्ण उच्चारत नाही. शेवटी 'या' लावून ते दोन अक्षरांवर आणलेलं आहे, आणि मामांचा दहा वर्षांचा नातूसुद्धा त्यांना 'तू' म्हणतो. मीही लहानपणी म्हणत होते. मोठेपणी कधी थांबले, ते आठवेना. बहुधा थांबलेच नव्हते.

नंदुरबार सोडताना रुळांच्या कडेला मिरचीच्या पथाऱ्या लागल्या. एकरच्या एकर लाल. डब्यात बसल्या बसल्या घसा खवखवला. तापीच्या खोऱ्यातून गाडी पूर्वेला जाते तशी मिरची मागे पडते, कपाशी येते, भुसावळपलीकडे केळी येतात. बुऱ्हाणपूरजवळ सातपुडा जरा बाजूला सरून वाट देतो. असीरगडाला दक्षिणेचं दार का म्हणत, ते खिडकीतूनही कळतं. त्या दारातून बाहेर पडलं की भाषा हलकेच कूस बदलते. समोरच्या बाईंनी मामीच्या डब्यातला ठेचा चाखला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "दीदी, ये तो आग है." मग त्यांनी आपली बेसनाची वडी माझ्या हातावर ठेवली. आमच्याकडे प्रवासात माणूस आधी गाव विचारतो, मग आडनाव, मग डबा उघडतो. त्या बाईंनी आधी डबा उघडला.

होशंगाबादेत मी सेठानी घाटावर जाऊन बसले. गावात राम राम चालतो तसं घाटावर 'नर्मदे हर'. पात्र रुंद, पाणी शांत, पलीकडचा काठ धुक्यात. एक परिक्रमावासी काठी टेकून बसला होता. नंदुरबारची आहे म्हटल्यावर त्याचे डोळे मोठे झाले. "मामा लोगों का इलाका!" शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे आमच्याच अक्राणीच्या अंगाला, भिल्ल परिक्रमावासीयांना लुटत. अंगावरच्या लंगोटीपर्यंत सगळं घेत, आणि लुटले गेलेले त्यांना मामा म्हणत. मी माझ्या मामांच्या गावाहून आले होते आणि हा माणूस भिल्लांना मामा म्हणत होता. नातं जोडायला एक शब्द पुरतो. तोडायलाही.

माझे यजमान निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना मास्टरजी म्हणतात. तरुणपणी ते होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात होते. १९७२ साली होशंगाबादेजवळच्या रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या संस्थांनी मिळून १६ शाळांत तो सुरू केला. पाठांतर बंद, पोरांनी हातानं प्रयोग करायचे, शेतात जायचं, प्रश्न विचारायचे. हा कार्यक्रम २००२ पर्यंत चालला. "गुरुजींना उत्तर येत नसेल तर गुरुजींनी गप्प बसायचं, हे आम्ही तिथं शिकलो," मास्टरजी म्हणाले. त्यांच्या घराण्यात गप्प बसण्याला अर्थ आहे. चार पिढ्यांपासून ते फ्रेंड्स आहेत.

भाभींनी गक्कड-भरता केला होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे जाड गोळे, वर तूप, सोबत भाजल्या वांग्याचा आणि टोमॅटोचा भरता. आमच्या भरताला हिरवी मिरची, शेंगदाणे आणि तेल लागतं, आणि शेजारी कळण्याची भाकरी. इथलं चवीला मवाळ, धुराचा वास मात्र तोच. जेवताना भाभी आणि मास्टरजी एकाच वेळी बसले. आमच्या वाड्यात मामी अजून शेवटी बसते.

जेवणानंतर त्यांनी गोष्ट सांगायला घेतली, ती एका बाईपासून. रेचेल मेटकाफ १८६६ मध्ये इंग्लंडहून एकटी निघाली आणि बनारसला आली. दोन वर्षांनी तिकडे क्वेकरांची परदेशी मिशनची संस्था उभी राहिली. बनारसहून ती जबलपूरला, आणि पुढे नर्मदेच्या या खोऱ्यात होशंगाबाद-सोहागपूरकडे आली. संधिवातानं तिचे सांधे धरले, चालणं बंद झालं. खुर्चीत बसून तिनं अनाथ मुलींचं घर चालवलं. १८८९ मध्ये ती गेली.

"तेव्हा सभेचं घर कुठं होतं?" मी विचारलं.

"तिची खुर्ची असेल तिथं," मास्टरजी म्हणाले.

मला ते पटलं. क्वेकरांच्या मूळ देशातही घर मागाहून आलं. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्सच्या मागे जाणारी माणसं शेतात, खळ्यात, कुणाच्या स्वयंपाकघरात जमत. १६६४ च्या कायद्यानं घरच्या माणसांखेरीज पाचापेक्षा जास्त जणांनी अशा उपासनेला जमणं गुन्हा ठरवलं. माणसं तुरुंगात गेली, आणि तिथंही एकत्र बसली. हे ऐकताना मला आमचा धुळ्याचा तुरुंग आठवला. १९३२ मध्ये विनोबा तिथं दर रविवारी कैद्यांना गीता सांगत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. तिथं कळस नव्हता, गाभारा नव्हता, बराक होती. तरी खानदेशातली पुष्कळ घरं त्या बराकीतून निघालेल्या पुस्तकाला हात जोडतात.

उत्तर इंग्लंडमधल्या ब्रिगफ्लॅट्स या वाडीवर १६७५ मध्ये असंच एक घर बांधलं गेलं, तसाच कायदा अजून डोक्यावर असताना. चुना लावलेलं, गोठ्यासारखं साधं. त्यात जिन्याच्या पायाशी एक छोटं लाकडी कुंपण आहे. मेंढपाळ आपली कुत्री घेऊन सभेला येत, ती तिथं बांधायची. देवाच्या घरात आधी कुत्र्याची सोय, हे मला फार आवडलं. तिथं येणारा माणूस कोण होता, ते त्या कुंपणावरून कळतं. आमच्याकडे वारीला निघालेल्या दिंडीत कुत्रं चालतं, त्याला कुणी हाकलत नाही. देवळाच्या दारात मात्र हाकलतात.

रविवारी मास्टरजी मला तवा कालव्याच्या बाजूच्या एका खेड्यात घेऊन गेले. दुतर्फा गहू गुडघ्याएवढा, बांधावर वाटाणा, विहिरीपाशी पेरू. मी मनात एक इमारत बांधून ठेवली होती: कौलारू, लांबट, बाकांच्या ओळींची. मास्टरजी थांबले ते एका शेतकऱ्याच्या दारात. ओसरी शेणानं सारवलेली. एका कोपऱ्यात पाण्याची सुरई, सोहागपूरची, लांब मानेची. दोन सतरंज्या, म्हाताऱ्यांसाठी एक खाट. भिंतीवर काहीच नाही, खिळासुद्धा नाही.

अकरा माणसं जमली. कुणी सुरुवात केली नाही, तरी सुरुवात झाली.

पहिली काही मिनिटं मला आवाजच ऐकू येत होते. मोटारपंप, कोंबडी, कुणाचा तरी खोकला. मग माझ्याच डोक्यातला बाजार. मग तोही जरा दमला. सुरईच्या अंगावर पाण्याचे थेंब जमत होते. एक थेंब मोठा झाला, खालच्या थेंबाला मिळाला, आणि दोघे मिळून बुडापर्यंत ओघळले. मी तेवढंच पाहत होते. माझ्या शेजारची मजूर बाई हात मांडीवर उलटे ठेवून बसली होती; तळव्यांवर विळ्याचे जुने वण. मला देवळात हात जोडायचे कळतं, हात असे उघडे ठेवायचे कळत नाही.

बऱ्याच वेळानं त्या बाई उभ्या राहिल्या. हिंदीत एकच वाक्य बोलल्या, "कल मैंने बहू को बहुत सुनाया, आज मेरा मन भारी है." आणि बसल्या. कुणी मान डोलावली नाही, उपदेश केला नाही. ते वाक्य सतरंजीच्या मधोमध ठेवल्यासारखं राहिलं आणि सगळे त्याच्याभोवती बसून राहिले. नंतर एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याचा हात हातात घेतला, मग सगळ्यांनीच घेतले. सभा संपली. चहा आला.

"इथं पूर्वीपासून असं शांत बसत?" मी परतताना विचारलं.

मास्टरजींनी खोटं सांगितलं नाही. "सुरुवातीला कमी. मिशनच्या काळात भजनं जास्त, प्रवचनं जास्त. शांतता शिकायला लोकांच्या पोटात काहीतरी असावं लागतं."

मग छपन्याची गोष्ट निघाली. १८९६-९७ चा दुष्काळ, आणि मागोमाग १८९९-१९०० चा, विक्रम संवताच्या १९५६ सालचा. नर्मदाकाठी तो होता तसा खानदेशातही होता. कळसाडीत माझी पणजी 'छपन्या' म्हणताना आवाज खाली आणायची. इथं मिशननं शेकडो अनाथ पोरं सांभाळली. मास्टरजींचे पणजोबा त्यांतले एक. आईबापांची नावं त्यांना सांगता आली नाहीत, इतके लहान. मिशननं त्यांना जेवू घातलं, विणकाम आणि सुतारकाम शिकवलं, जमीन घेऊन वसवलं. १९०७ मध्ये या भागातल्या फ्रेंड्सची वार्षिक सभा स्थापन झाली.

"उपकार फार मोठे होते," मास्टरजी म्हणाले. "पण जमीन मिशनची, काम मिशनचं, घरही मिशनचं. सभेत सगळे सारखे आणि सोमवारी साहेब आणि नोकर. हे आमच्या आजोबांना बोचायचं. गोऱ्या फ्रेंड्सपैकी काहींनाही बोचलं."

त्या काहींची नावं त्यांनी आपल्या घरच्या माणसांसारखी घेतली. जेफ्री मॉ, जो यात्रेकरूंबरोबर हिमालयातली तीर्थं चालला आणि ज्यानं नर्मदेचं चरित्र लिहिलं. हिल्डा कॅशमोर, जिनं १९३० च्या दशकात रसुलियात गावसेवेचं केंद्र उभारलं. डोनाल्ड ग्रूम, जो विनोबांच्या भूदान पदयात्रेत चालला आणि १९७२ मध्ये दिल्लीजवळच्या विमान अपघातात गेला. मार्जोरी साइक्स, जी १९२८ मध्ये मद्रासला शिकवायला आली, सेवाग्रामात नई तालीमचं काम करत राहिली, भारताची नागरिक झाली आणि पुढे रसुलियात राहिली. भारतातल्या क्वेकरांचा इतिहास तिनंच लिहिला. पुढे तवा धरणाच्या पाण्यानं शेतं चिबड होऊ लागली, तेव्हा १९७७ मध्ये मिट्टी बचाओ अभियान उभं राहिलं, त्यामागेही रसुलियाची माणसं होती. आधी दान देणारे, मग शेजारी होणारे, मग शेजाऱ्याच्या बाजूनं उभे राहणारे. हा रस्ता साधारण पाऊणशे वर्षांचा आहे, आणि माझ्या मते सभेच्या घराचं खरं बांधकाम या रस्त्यावर झालं.

रात्री झोप येईना. क्वेकरांची एक जुनी गोष्ट मनात घोळत होती. त्या काळच्या इंग्रजीत मोठ्यांना आदरानं अनेकवचनी संबोधायचं आणि खालच्याला एकेरी. क्वेकर सगळ्यांनाच एकेरी बोलू लागले. न्यायाधीशालाही 'तू', जमीनदारालाही 'तू'. टोपीही उतरवत नसत. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला. मोरवडच्या गुलाम महाराजांनी नेमकं उलट केलं. ज्याला जन्मभर 'तू', 'ए', 'अरे' ऐकायची सवय, त्याला 'आप' दिलं. एकानं वरच्याला खाली बोलावलं, दुसऱ्यानं खालच्याला वर घेतलं. दोघांना एकाच पायरीवर यायचं होतं. आपली मराठीही दोन्ही जाणते. विठ्ठलाला आपण 'तू' म्हणतो, आणि वारीत अनोळखी माणसाच्या पाया पडून त्याला 'माउली' म्हणतो. कठीण आहे ते वारीतून घरी आल्यावर.

आणि काळाची जुळणी पाहा. रेचेल मेटकाफ नर्मदेच्या खोऱ्यात काम करत होती त्याच दशकात, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हा त्याचा पाया. भटजीशिवाय लग्नं लागू लागली. वधूवर सगळ्यांसमोर एकमेकांना वचन देत. क्वेकरांचं लग्नही असंच: पाद्री नाही, दोघं उभं राहून वचन देतात आणि जमलेले सगळे साक्षीला सह्या करतात. पुण्याची आणि सोहागपूरची गाठ पडली नव्हती. तहान सारखी असली की विहिरी वेगवेगळ्या जागी खणल्या जातात.

निघताना भाभींनी एक छोटी सुरई कापडात बांधून दिली. मास्टरजी म्हणाले, "आपलं घर पाहिलंत ना?" मी म्हटलं, "ओसरी पाहिली." "तेच ते," ते म्हणाले.

परत येताना बुऱ्हाणपूरच्या खिंडीतून उलटं आत शिरले. केळी, कपाशी, लाल पथाऱ्या, घसा खवखवणं. आमच्या भागातल्या माणसांनाही गप्प बसून भागलेलं नाही, हे मला त्या पथाऱ्या पाहताना आठवलं. १९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती आधी भजनं म्हणत; पुढे त्याच आवाजात त्यांनी सालदारांच्या मजुरीचा आणि हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न मांडला. भजनाला बसणारा माणूस एकदा ताठ बसायला शिकला की शेताच्या बांधावरही ताठ उभा राहतो. 'आप' या दोन अक्षरांनी केवढं बांधकाम केलं, ते मला होशंगाबादेला जाऊन कळलं. ते माझ्या आजोळापासून हाकेवर होतं.

कळसाडीला पोचले तेव्हा दिवे लागले होते. सालदार ओसरीच्या पायरीखाली उभे होते, बैलांचं वैरणपाणी आटोपून. मामांचा नातू आतून ओरडला, त्यांचं ते दोन अक्षरी नाव घेऊन, पाणी आण म्हणून. मी त्याला जवळ घेतलं आणि हळूच सांगितलं, "पूर्ण नाव घ्यायचं. आणि 'भाऊ' म्हणायचं." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मामांकडे. मामा काही बोलले नाहीत, पण त्यांनी रागेही भरलं नाही.

मी सुरई ओसरीच्या कोपऱ्यात ठेवली, तिच्यात पाणी भरलं. मग सालदारांना त्यांच्या तीन अक्षरी नावानं हाक मारली आणि म्हटलं, "भाऊ, वर या. बसा."

ते कितीतरी वेळ उभे राहिले. वीस वर्षं त्या पायरीखाली उभं राहिलेल्या माणसाला एका शब्दानं वर येता येत नाही, आणि त्यानं का यावं? शेवटी मामाच सरकले. खाटेवरची आपली टोपी उचलून त्यांनी मांडीवर घेतली, जागा केली आणि म्हणाले, "या."

ते आले. खाटेवर नाही, ओसरीच्या कडेला बसले, पाय पायरीवर सोडून. आम्ही तिघंही गप्प होतो. सातपुडा अंधारात गेला होता. सुरईच्या अंगावर पहिला थेंब जमला होता.